कसरतीचे पहिले विमान आणि ठोकळ्यांचे खोके

कसरती करता येतील असे छोटे विमान स्वतःच्या हाताने उभे करायचे मी चार वर्षांपूर्वी ठरवले, तेव्हा उत्तर इलिनॉयमधल्या आमच्या धावपट्टीवरच्या प्रत्येक हँगरमधून मला वेगळे उत्तर मिळाले. कोणी ॲल्युमिनियमचे किट घे म्हणाले, कोणी जुने विमान घेऊन त्याचे कापड बदल म्हणाले, आणि एका गृहस्थांनी तर बांधण्याच्या भानगडीत पडूच नकोस, तेवढ्या पैशांत दहा वर्षे भाड्याच्या विमानातून उलटेसुलटे होता येईल, असा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. ज्याला केवळ उडायचे आहे त्याने उडते विमानच घ्यावे. मला मात्र दोन्ही हवे होते आणि त्यामुळे मी निवडीच्या घोळात वर्षभर अडकलो. तो घोळ इथे सविस्तर लिहीत आहे, कारण ‘नवशिक्यासाठी सोपे विमान’ या शब्दांत दोन नवशिके दडलेले असतात हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. एक आकाशातला आणि दुसरा कार्यशाळेतला. जे विमान पहिल्याला सांभाळून घेते ते दुसऱ्याला सांभाळून घेतेच असे नाही.

आधी आकाशातल्याचे पाहू. अमेरिकेच्या नियमांनुसार कसरतींच्या वर्गात बसणाऱ्या कारखान्याच्या विमानाने सरळ बाजूने ६ जी आणि उलट बाजूने ३ जी भार सोसला पाहिजे. साध्या वर्गातल्या विमानाला हीच मर्यादा ३.८ आणि १.५२ असते. ६ जी म्हणजे ७० किलो वजनाचा माणूस त्या क्षणी आसनावर ४२० किलोंचा भार टाकतो आणि पंखांनाही साऱ्या विमानाचा भार त्याच पटीत पेलावा लागतो. हे आकडे या छंदातल्या सगळ्यांना पाठ असतात. पण शिकणाऱ्याच्या हातून विमानाला धोका पोचतो तो बहुधा नीट घेतलेल्या लूपमध्ये (म्हणजे उभ्या गोल फेऱ्यात) नव्हे, तर फसलेल्या रोलमध्ये, आणि ते कसे घडते हे समजल्याशिवाय कोणी विमान निवडू नये असे माझे मत आहे.

रोलमध्ये विमान आपल्या लांबीच्या अक्षाभोवती एक पूर्ण फेरा घेते. निम्म्या वाटेवर ते पाठीवर असते आणि तिथे नाक क्षितिजाच्या थोडे वर राखण्यासाठी नियंत्रणाचा दांडा पुढे ढकलावा लागतो. नवशिक्याचा हात नेमके उलटे करतो. पट्ट्यांना लोंबकळत असताना समोरच्या काचेत शेते भरू लागली की तो दांडा पोटाकडे ओढतो. सरळ विमानात त्याने नाक वर येते. पाठीवरच्या विमानात ते जमिनीकडे जाते आणि रोलचे रूपांतर खाली जाणाऱ्या अर्ध्या लूपमध्ये होते. डेकॅथलॉन नावाच्या दोन आसनी विमानातल्या माझ्या तिसऱ्या धड्यात मी अगदी हेच केले. मागच्या आसनावरून प्रशिक्षकांनी शांतपणे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, बंद केले, दांडा माझ्याकडून काढून घेतला आणि उरलेला रोल पूर्ण केला. तोवर आम्ही आठशे फूट गमावले होते.

नाक सरळ खाली असलेले विमान, हवेचा रोध क्षणभर बाजूला ठेवला तर, दर सेकंदाला ताशी २२ मैलांनी वेग घेते. आता व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-७ या किटच्या विमानाची कधीही न ओलांडण्याची मर्यादा ताशी २३० मैल आहे आणि कारखान्यात बनलेल्या सिटाब्रिया या विमानाची १६२. रोल १२० वर सुरू केला असेल तर या कच्च्या हिशेबाने एकीला पाच सेकंद लागतात आणि दुसरीला दोनच. म्हणजे नुसत्या आकड्यांवरून आरव्ही अधिक सुरक्षित ठरावी, आणि मीही काही दिवस तसेच समजत होतो. पण रोध बाजूला ठेवून विमान उडत नाही. आरव्ही अतिशय घोटीव आहे, ती वेग घेतच राहते. आणि तेवढेच जी ओढून विमान सरळ करायचे असेल तर वेग दुप्पट झाल्यावर वळणाची त्रिज्या चौपट होते, त्यामुळे गमावलेली उंचीही त्याच प्रमाणात वाढते. सिटाब्रियाला पंखांखालचे स्ट्रट (पंख धडाशी जोडणारे तिरपे टेके), उघडी चाके आणि जाड पंख यांचा अंगचाच ब्रेक आहे, मात्र तिची मर्यादा खालची असल्यामुळे थ्रॉटल मिटण्याची सवय पहिल्या दिवसापासून हवी. दुपंखी विमानात हे दोन्ही गुण एकत्र येतात: मर्यादा वरची, आणि दोन पंख, स्ट्रट व तारांची जाळी यांमुळे वेग मात्र रडतखडत चढणारा. ज्या रोधाला इतर वैमानिक शिव्या घालतात तोच शिकाऊ कसरतपटूला विचार करायला वेळ देतो.

असे असूनही पहिला मोह आरव्हीचाच होता आणि तो का होता हे सांगितले पाहिजे. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७१ साली एकआसनी आरव्ही-३ उडवली. तेव्हापासून ओरेगनमधून निघालेल्या या मालिकेची अकरा हजारांहून अधिक विमाने घरोघरी बांधून उडाली आहेत. किटमधल्या पत्र्यांना छिद्रे आधीच पाडलेली असतात, ती एकमेकांवर बरोबर बसतात आणि अडलेल्याला मदत करणारा माणूस जवळजवळ प्रत्येक धावपट्टीवर भेटतो. कार्यशाळेतल्या नवशिक्यासाठी याहून सोपी वाट नाही. (मालिकेतले प्रत्येक विमान कसरतींचे नसते, हे मात्र किट मागवण्याआधी पाहावे, ९, १० आणि १२ हे क्रमांक त्यासाठी नाहीत.) माझी अडचण दुसरीकडे होती. आरव्ही-७ चे कमाल वजन १,८०० पौंड असले तरी कसरती करताना ते १,६०० पौंडांच्या आत ठेवावे लागते. मी, प्रशिक्षक, दोन पॅराशूट आणि तासाभराचे इंधन असा हिशेब मांडला की तो दर वेळी काठावर येऊन थांबायचा. शिवाय रिव्हेट मारत मारत दीड-दोन हजार तास काढण्याची कल्पना मला मनातून आवडत नव्हती. एवढा काळ हातात जे साहित्य राहणार ते आवडीचे असावे, हे कारण तांत्रिक नसले तरी माझ्या मते निर्णायक आहे. अर्धवट सोडलेल्या बहुतेक विमानांमागे तेच असावे असा माझा संशय आहे.

पिट्सविषयी थोडक्यातच लिहितो. कर्टिस पिट्स यांचे हे लहानगे दुपंखी विमान १९४० च्या दशकात जन्माला आले. बेटी स्केल्टन यांनी ज्या विमानातून स्पर्धा गाजवल्या ते ‘लिटल स्टिंकर’ आज स्मिथसोनियन या संग्रहालयाच्या उडवार-हेझी केंद्रात उलटे टांगलेले आहे, आणि १९७२ च्या फ्रान्समधल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकन चमू पिट्सच्याच जोरावर जिंकला. एकआसनी पिट्सचा पंख जेमतेम सव्वासतरा फूट लांब असतो. हवेत ते मनातले ओळखते असे सगळे सांगतात. जमिनीवर मात्र पुढचे काही दिसत नाही, शेपूट आखूड असल्यामुळे ते क्षणात आडवे फिरते, आणि एक आसन म्हणजे चूक करताना मागे कोणी बसलेले नसते. पहिल्या विमानासाठी मला ते योग्य वाटले नाही.

उरला जुन्या विमानाच्या पुनरुज्जीवनाचा मार्ग, आणि इथे मी पैसे गमावता गमावता वाचलो.

या मार्गावर नवशिक्यासमोर तीन प्रामाणिक पर्याय येतात. सेस्ना १५० ची १९७० साली निघालेली एरोबॅट आवृत्ती पूर्ण धातूची, पुढे चाक असलेली आणि ६ व ३ जीला मान्यता असलेली आहे. १०० अश्वशक्तीत तिला उंची गाठायला वेळ लागतो आणि उलट उड्डाणासाठी इंधनाची सोय नसल्यामुळे पाठीवर इंजिन खोकते, पण रोल, लूप आणि स्पिन (गिरक्या घेत खाली येणे) शिकायला ती पुरते. चॅम्पियन कंपनीने १९६४ साली आणलेल्या सिटाब्रियाचे नाव म्हणजे ‘एअरबॅटिक’ हा शब्द इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने लिहून केलेली गंमत आहे. ती ५ आणि २ जीची, कापडाच्या अंगाची, शेपटीला चाक असलेली आणि अतिशय समजूतदार. तिच्याच घराण्यातली डेकॅथलॉन ६ आणि ५ जीची, जवळजवळ दोन्हीकडून सारख्या फुगीर पंखाची, त्यामुळे पाठीवरही सुखाने उडणारी. शिकण्यासाठी यांपैकी कोणते चांगले असे विचाराल तर मी डोळे मिटून डेकॅथलॉन म्हणेन. विकत घ्यायचे असेल तेव्हा मात्र डोळे उघडे हवेत, कारण या घराण्यातल्या जुन्या विमानांच्या पंखांत लाकडी स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळया, आहेत.

मला सापडलेली सिटाब्रिया १९७० च्या सुमाराची होती. पांढऱ्या-लाल रंगाचे नवे कोरे काम, आतली गाद्यांची कापडे नवी, आणि विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे विमान कायम हँगरमध्ये ठेवलेले. मी मनाने ती घेऊन टाकली होती. बरोबर आलेल्या मेकॅनिकने रंगाकडे पाहिलेही नाही. त्याने आधी लॉगबुके मागितली आणि वीसेक वर्षांपूर्वीच्या एका नोंदीवर बोट ठेवले: डाव्या पंखाचे टोक बदलले. टोक का बदलावे लागले ते लिहिलेले नव्हते. मग तो पंखाखाली उताणा झोपला, तपासणीची झाकणे काढली आणि एका हातात दांडीचा आरसा व दुसऱ्या हातात बारीक टॉर्च घेऊन, उजेड स्पारच्या अंगाला जवळजवळ समांतर पडेल असा धरून, इंच इंच सरकत राहिला. वीस मिनिटांनी त्याने मला शेजारी झोपायला सांगितले. स्ट्रट जिथे स्पारला जोडला जातो तिथे लाकडाला प्लायवूडची जोडपट्टी चिकटवलेली असते. ती संपते तिथून बोटभर अंतरावर, तंतूंच्या आडवी, एक केसाएवढी रेघ होती. टॉर्च सरळ मारला की ती दिसायची नाही. उजेड तिरपा केला की इस्त्री केलेल्या सदऱ्यावर राहिलेल्या चुणीसारखी उमटायची.

लाकूड ताणाला जितके खंबीर असते तितके दाबाला नसते. पंखाचे टोक जमिनीला घासले किंवा विमानाला प्रमाणाबाहेर जी पडले की स्पारच्या दाबल्या गेलेल्या बाजूचे तंतू आत चुरगळतात. बाहेरून वार झाल्याची खूण नसते, आणि तो स्पार पुढे कित्येक वर्षे साधे उड्डाण निभावून नेतो. कसरतीत मात्र तीच जागा आधी जाते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, या विमानांच्या लाकडी स्पारची अशा भेगांसाठी आणि सैल झालेल्या रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांच्या) खिळ्यांसाठी पुन्हा पुन्हा तपासणी बंधनकारक केली आहे. पुढच्या काळात अमेरिकन चॅम्पियनने धातूचे स्पार वापरायला सुरुवात केली आणि जुन्या विमानांना बसतील असे पंखही विकले. पण दोन नवे पंख धरले की त्या ‘स्वस्त’ सिटाब्रियाची किंमत पार बदलत होती. विक्रेत्याला भेग ठाऊक होती की नाही हे मला सांगता येणार नाही. आम्ही झाकणे परत लावली, मेकॅनिकचे पैसे दिले आणि निघालो.

परतीच्या दोन तासांत माझ्या लक्षात आले की मी चुकीची गोष्ट सोपी समजत होतो. रंगवलेले, उडते, ‘थोडेसे काम बाकी’ असलेले विमान हे कार्यशाळेतल्या नवशिक्यासाठी सर्वांत अवघड असते, कारण त्याचे दोष कापडाखाली असतात आणि ते ओळखण्याची नजर नवशिक्याकडे नसते. उलट ज्याच्यावर अजून कापडच चढलेले नाही त्या सांगाड्याचा प्रत्येक सांधा उघडा असतो. तेव्हापासून मी उडती विमाने पाहणे थांबवले आणि अर्धवट राहिलेली शोधू लागलो.

नियमांचाही इथे मोठा भाग आहे. कारखान्यात बनलेल्या, प्रमाणित विमानावर मालक स्वतः काम करू शकतो, पण ते परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सहीने. मोठ्या दुरुस्तीचे कागद आणि वार्षिक तपासणी यांसाठी त्याहून वरचा अधिकार असलेला निरीक्षक लागतो. हौशी बांधणीच्या प्रायोगिक विमानात निम्म्याहून अधिक काम शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी बांधणाऱ्या हौशी हातांनी झाले पाहिजे एवढी मुख्य अट असते, आणि ते हात एकाच माणसाचे असले पाहिजेत असे नाही. म्हणजे दुसऱ्याने अर्धे बांधलेले विमान मी पूर्ण केले तरी चालते. मात्र दरवर्षीच्या तपासणीवर स्वतः सही करण्याचा दाखला हवा असेल तर त्या विमानाची पुरेशी माहिती मला आहे हे एफएएला पटवावे लागते, म्हणून मी पहिल्या दिवसापासून तारीखवार फोटो आणि वही ठेवली. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि त्याच्या कागदपत्रांसाठी त्यांना किती वर्षे झगडावे लागले हे आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल. ते आठवले की इथल्या या नियमपुस्तकाविषयी तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही.

आता स्कायबोल्टविषयी. डेन्व्हरच्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक लमार स्टीन यांनी हे दोन आसनांचे दुपंखी विमान आखले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शाळेचा प्रकल्प म्हणून पहिले विमान बांधले. ते १९७० च्या ऑक्टोबरात उडाले. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या हौशी विमानबांधकांच्या संघटनेचे संस्थापक पॉल पोबेरेझ्नी यांचे ॲक्रो स्पोर्ट, जे १९७२ च्या जानेवारीत उडाले, तेही शाळकरी मुलांना बांधता यावे याच विचाराचे. पोरांच्या हातून उभे राहील असा आराखडा हे माझ्या दृष्टीने कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठे प्रशस्तिपत्र होते. वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचे धड, स्प्रूस या लाकडाच्या स्पारचे आणि लाकडी रिबचे पंख, वर कापड. पंखांचा विस्तार २४ फूट, म्हणजे पिट्सच्या मानाने ऐसपैस, आणि जमिनीवरचा स्वभावही त्याच मानाने सौम्य. दुसरे आसन असल्यामुळे चाचणीचा टप्पा संपल्यावर प्रशिक्षकांना बरोबर घेता येते.

माझा स्कायबोल्ट विस्कॉन्सिनमधल्या एका शेतावरच्या कोठारात, मक्याच्या यंत्रामागे, पंचवीस वर्षे उभा होता. बांधणारे गृहस्थ वारले होते आणि त्यांच्या मुलीला कोठार रिकामे करायचे होते. धड वेल्डिंग होऊन हिरवट प्रायमर लावलेले, सगळ्या पंखांचे लाकूडकाम झालेले, कापड नाही, इंजिन नाही. मेकॅनिकने धडाच्या तळच्या नळ्या शेपटीकडून तपासायला घेतल्या, कारण पाणी शिरले तर तिथे साचते आणि नळी आतून कुजते. तो प्रत्येक नळीवर टोच्याने टोकरत गेला आणि आवाज कुठे बदलतो ते ऐकत राहिला. दोन ठिकाणी त्याने खडूने फुल्या मारल्या.

मी पंखांकडे होतो. लाकूड चांगले दिसत होते, पण सांध्यातला डिंक चांगला आहे की नाही हे वरून पाहून कळत नाही, आणि ताईंना विचारण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात त्यांनीच कपाटातून बुटांचे एक जुने खोके काढून दिले आणि हे काय आहे ते मला समजत नाही, टाकायचे का, असे विचारले. त्यात लाकडाचे शंभरएक तुटके ठोकळे होते. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख, त्या दिवशीचे तापमान आणि रिबचा किंवा स्पारचा क्रमांक. त्या गृहस्थांनी डिंकाचे दोन भाग जेव्हा जेव्हा कालवले होते, तेव्हा त्याच घाण्यातला डिंक लावून स्प्रूसचे दोन तुकडे चिकटवले होते आणि सुकल्यावर हातोडीने फोडले होते. डिंकाच्या रेषेवर सुटले तर घाणा वाईट. लाकूड फाटून तंतू दोन्ही बाजूंना चिकटून राहिले तर चांगला. मी कोठाराच्या दारात उजेडाला बसून ते एकेक पाहिले. सगळे लाकडात फाटलेले होते, फक्त नोव्हेंबरातल्या एका दिवसाचे तीन स्वच्छ रेषेवर सुटले होते, आणि त्यांच्यावर तापमान ४८ अंश फॅरनहाइट लिहिलेले होते. त्यांच्या मागच्या बाजूला त्याच अक्षरात लिहिले होते: रिब ११, १२, १३ पुन्हा केल्या. मी पंखाकडे जाऊन पाहिले, तर त्या तीन रिबचे लाकूड बाकीच्यांपेक्षा किंचित फिकट होते.

व्यवहार त्याच दुपारी झाला. खोके मी मागून घेतले.

त्यानंतरचे काम अर्थातच सगळे सुखाचे नव्हते. खडूच्या फुल्यांपैकी एक नळी खरोखर आतून गेलेली निघाली आणि ती कापून तिच्या जागी नवा तुकडा आत बाही घालून जोडावा लागला. ते वेल्डिंग मी स्वतः केले नाही. मागच्या आसनाची पाठ पॅराशूटची जाडी न धरता बसवलेली होती. इथल्या नियमानुसार वैमानिकाशिवाय दुसरा प्रवासी असताना ६० अंशांपलीकडचा कल किंवा नाकाचा ३० अंशांपलीकडचा चढउतार मुद्दाम करायचा असेल तर दोघांनाही पॅराशूट हवे, आणि ते कृत्रिम धाग्याचे असेल तर गेल्या १८० दिवसांत तज्ज्ञाने घडी घातलेले हवे. पाठीवरचे पॅराशूट माणसाला तीन-चार इंच पुढे ढकलते. तेवढ्याने माझे गुडघे उपकरणांच्या फळीला टेकत होते आणि दांडा पूर्ण मागे घेता येत नव्हता. आसन कापून मागे सरकवण्यात दोन महिने गेले. असे विमान पाहायला जाताना उसने का होईना, पॅराशूट घालूनच आत बसून पाहावे. त्याचबरोबर शेपटीकडचा प्रत्येक औंस जपावा लागतो, कारण गुरुत्वमध्य मागे सरकलेले विमान स्पिनमधून बाहेर यायला कुरकुर करते. मागच्या भागावर रंगाचे हात वाढवण्याचा मोह मी याच कारणाने आवरला.

आणखी एक काम असे आहे की जे साध्या विमानाच्या बांधणीत कोणी एवढ्या निगुतीने करत नाही. कसरतीत विमान पाठीवर गेले की आत पडलेली प्रत्येक वस्तू जागेवरून उठते, आणि परत खाली पडताना ती एलेव्हेटरच्या (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या फळीच्या) दांड्यांत अडकली तर वैमानिकाच्या हातातला दांडा हलत नाही. म्हणून कापड चढवण्यापूर्वी आम्ही धड फिरत्या चौकटीवर घेतले, पूर्ण उलटे केले आणि चौघांनी मिळून रबरी हातोड्यांनी ठोकले. माझा आत काही राहिलेले नाही असा ठाम समज होता. दोन वॉशर, कापलेल्या सेफ्टी वायरचे सात तुकडे आणि माझा स्वतःचा, आठ महिने हरवलेला, दहा मिलिमीटरचा पाना जमिनीवर पडला. आता शेपटीच्या पोटाला पारदर्शक झाकण बसवले आहे, म्हणजे उड्डाणापूर्वी वाकून आत पाहता येईल.

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून पाच महिन्यांसाठी आली होती. तोवर खालचे दोन पंख कापडापर्यंत आले होते. हल्ली हे कापड पॉलिस्टरचे असते. ते सैल चिकटवायचे आणि कपड्यांच्याच इस्त्रीने टप्प्याटप्प्याने तापवून आवळून घ्यायचे, शेवटचा हात ३५० अंश फॅरनहाइटवर. इस्त्रीच्या चकतीवरचा आकडा खरा नसतो, म्हणून तळाला तापमापक लावून खुणा करून घ्याव्या लागतात. त्यानंतर प्रत्येक रिबवरून मेण लावलेल्या दोऱ्याने कापड शिवायचे असते, कारण पंखाच्या पाठीवरचे कापड हवा वर ओढत असते आणि नुसत्या डिंकावर भरवसा ठेवायचा नसतो. पंख कडेवर उभा करायचा, एकाने या बाजूने फूटभर लांब सुई घालायची, पलीकडच्याने ती ओढून परत पाठवायची आणि प्रत्येक टाक्याला गाठ. पलीकडे बसायला त्या शनिवारी कोणी नव्हते, म्हणून आई बसली. तिने पहिले दोन टाके पाहिले आणि म्हणाली, “अरे, ही तर गोधडीच की. फक्त मधे चिंध्या नाहीत.”

मी तिला गाठ शिकवायला गेलो, तर ती दहा मिनिटांत माझ्यापेक्षा सफाईने घालू लागली. संध्याकाळी मेकॅनिक आला, त्याने एक पूर्ण रिब बोटाने चाचपून पाहिली आणि दोन टाके उसवायला सांगितले. ते दोन्ही माझे होते. आईने काही म्हटले नाही, पण पुढचा आठवडाभर तिने साताऱ्याला केलेल्या प्रत्येक फोनवर ही गोष्ट सांगितली.

खालचे पंख आता शिवून, टेप लावून तयार आहेत. वरचा बाकी आहे. इंजिन अजून घेतलेले नाही आणि हे मुद्दाम आहे. मला १८० अश्वशक्तीचे लायकमिंग हवे आहे, उलट उड्डाणात तेल व इंधन मिळत राहील अशा जोडणीचे. टाकीतली नळी लवचीक असते आणि तिच्या टोकाला वजन असते, म्हणजे इंधन ज्या बाजूला जाईल तिकडे तीही जाते. पण या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, इंजिन पडून राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते आणि तो गंजू लागतो. उत्साहाच्या भरात पहिल्याच वर्षी घेतलेली इंजिने बांधणी संपेपर्यंत आतून खराब झालेली मी दोन हँगरांत पाहिली आहेत. शिवाय उड्डाण सुरू झाल्यावरही लगेच कसरती नाहीत. प्रमाणित इंजिन आणि त्याला मान्य असलेला पंखा असेल तर २५ तास, नाहीतर ४० तास चाचणी, त्या काळात प्रवासी नाही, आणि जी कसरत पुढे करायची आहे ती आधी या चाचणीत करून लॉगबुकात नोंदवायची. पहिली काही उड्डाणे स्कायबोल्टचा अनुभव असलेले एक गृहस्थ करणार आहेत. तोवर मी महिन्यातून दोनदा डेकॅथलॉनमध्ये जाऊन बसतो आणि पाठीवर असताना दांडा पुढे ढकलतो. आईचा दर रविवारी फोन येतो. “इंजिन आलं का रे?” एवढेच ती विचारते, आणि वरच्या पंखाला किती रिब आहेत तेही एकदा विचारून झाले आहे.